महाविद्यालयाच्या उंबरठ्यावरील बाबासाहेब

या स्मरणिकेत परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनावर लेख असावा, याविषयी आमच्यात दुमत नव्हते. प्रश्न होता तो कोणत्या भागावर लिहावे याचा. महाडचा सत्याग्रह, राज्यघटना, नागपूरची धम्मदीक्षा हे सारे आमच्या विद्यार्थ्यांना मुखोद्गत आहे. दरवर्षी १४ एप्रिलला लहान मुलेही त्यावर भाषणे करतात. म्हणून आम्ही त्यांच्या आयुष्यातला एक तुलनेने कमी सांगितला जाणारा काळ निवडला. मॅट्रिक झाल्यानंतर महाविद्यालयात जाईपर्यंतचा आणि तेथे टिकून राहण्याचा तो काळ. आमची निवासी शाळा दहावीपर्यंत मुलांना सांभाळते आणि खरी काळजी त्यानंतर जूनमध्ये सुरू होते, हे त्यामागचे कारण आहे. पालकांना ते वेगळे सांगण्याची गरज नाही.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी सैन्यातील शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर कुटुंब दापोलीला आणि पुढे साताऱ्याला आले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्यांचे नाव इंग्रजी पहिलीत दाखल झाले. आज महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या वर्गात बसण्यासाठी त्यांना घरून गोणपाट न्यावे लागे आणि दुसऱ्या कोणी वरून ओतल्याशिवाय शाळेतले पाणी मिळत नसे. हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे, म्हणून येथे त्याचा विस्तार करीत नाही.

पुढे रामजींनी मुंबईस बिऱ्हाड हलविले आणि भीमरावांना एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये घातले. परळच्या चाळीतील एकच खोली, तिच्यातच चूल, सरपण, भांडीकुंडी, जाते, एक शेळी आणि माणसे. अशा जागेत अभ्यास कसा व्हावा? रामजींनी त्यावर जो उपाय काढला तो साधा होता. मुलाने संध्याकाळी लवकर झोपावे, वडिलांनी जागे राहावे, रात्री दोनच्या सुमारास मुलाला उठवावे आणि मग त्याच्या मोकळ्या झालेल्या जागेवर स्वतः पाठ टेकावी. दिव्याच्या उजेडात पहाटेपर्यंत वाचन चाले. बाबासाहेबांच्या अठरा तासांच्या अभ्यासाचे आपण नेहमी कौतुक करतो. त्या अभ्यासासाठी वडील मध्यरात्रीपर्यंत जागत होते, ही गोष्ट मात्र आपण सांगायची विसरतो.

पैशाची कहाणीही तशीच आहे. दोन्ही मुलांना शिकविणे रामजींना झेपेना, तेव्हा थोरले आनंदराव शाळा सोडून नोकरीला लागले. पुस्तके घ्यायची तर रामजी लग्न झालेल्या लेकींकडे जात, त्यांच्या अंगावरचा दागिना मागून घेत, तो गहाण ठेवीत आणि निवृत्तिवेतन हाती आले की सोडवून परत करीत. एका मुलाच्या शिक्षणात भावाची शाळा आणि बहिणींचे दागिने असे सारे घर गुंतले होते. आमच्या पूर्णेतील रेल्वे कामगारांच्या आणि शेतमजुरांच्या घरांतून आजही हेच चालते, फक्त दागिन्यांऐवजी बचत गटाचे कर्ज काढले जाते.

शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचीत बसत. त्याच बागेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर येत असत. केळुसकर हे विल्सन हायस्कूलमधील शिक्षक. वेंगुर्ल्याजवळच्या केळूस गावात १८६० साली त्यांचा जन्म झाला होता. संत तुकाराम, गौतम बुद्ध आणि छत्रपती शिवाजी महाराज यांची चरित्रे लिहिणारे हे व्यासंगी गृहस्थ. एक मुलगा रोज येतो, खेळत नाही, एकटाच वाचीत बसतो, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी त्याची चौकशी केली, तो कोण आणि कोठला हे जाणून घेतले आणि त्याला वाचण्यासाठी पुस्तके देऊ लागले. भीमराव त्यांच्या शाळेचा विद्यार्थी नव्हता. त्याच्या निकालाने केळुसकरांच्या शाळेचे नाव मोठे होणार नव्हते. तरीही त्यांनी त्याला आपलासा केला. शिक्षक म्हणून आम्हाला ही गोष्ट फार मोठी वाटते.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. हा आकडा आम्ही मुद्दाम लिहीत आहोत. आजच्या गुणवत्ता यादीचा निकष लावला तर या विद्यार्थ्याचा क्रमांक कोठे लागला असता, याचा विचार पालकांनी करून पाहावा. फारसीत त्यांना उत्तम गुण होते. संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही अस्पृश्य म्हणून तो विषय त्यांना घेऊ दिला गेला नव्हता. फारसीतील त्या यशाला ही दुसरी बाजूही आहे. त्या काळी अस्पृश्य समाजातील मुलाने मॅट्रिक होणे हीच अपूर्व घटना होती.

त्याप्रीत्यर्थ समाजाने सत्काराची सभा घेतली, सीताराम केशव बोले अध्यक्ष होते आणि केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले, असे चरित्रकार सांगतात. स्वतः बाबासाहेबांनी १९५६ साली आपल्या बुद्धविषयक ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत मात्र हा प्रसंग इंग्रजी चौथी उत्तीर्ण झाल्यानंतरचा म्हणून नोंदविला आहे आणि अध्यक्षस्थानी केळुसकरच होते असे म्हटले आहे. सत्काराने मुलाच्या डोक्यात हवा जाईल म्हणून रामजींचा त्याला विरोध होता, अखेर केळुसकरांनी त्यांचे मन वळविले, हेही तेथे आले आहे. वर्ष कोणतेही धरले, तरी पुस्तक तेच आणि देणारा हातही तोच. आपल्या समाजाला बुद्धाकडे नेणाऱ्या वाटेचा आरंभ एका शिक्षकाने शाळकरी मुलाला दिलेल्या बक्षिसापाशी सापडतो.

मॅट्रिकनंतर भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात दाखल झाले. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून ते कॉलेजात गेले, असे अनेक भाषणांतून सांगितले जाते. वास्तविक, आरंभीचा खर्च रामजींनीच ओढाताण करून भागविला. इंटर होईपर्यंत त्यांची शक्ती संपली. शिक्षण सुटण्याची वेळ खरी तेव्हा आली, म्हणजे प्रवेश मिळाल्यानंतर. आमच्या माजी विद्यार्थ्यांविषयीचा आमचा अनुभवही असाच आहे. अकरावीला नाव घातले म्हणून पेढे वाटले जातात आणि पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीला आलेला मुलगा परत जात नाही. कारण विचारले तर खोलीचे भाडे थकलेले असते.

त्या वेळी पुन्हा केळुसकर उभे राहिले. होतकरू अस्पृश्य विद्यार्थ्याच्या उच्च शिक्षणास साहाय्य करण्याची बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची तयारी होती. गुरुजींनी महाराजांपाशी शब्द टाकला आणि भीमरावांना त्यांच्या भेटीस नेले. महाराजांनी प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचे समाधान झाले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. कॉलेजातले प्राध्यापक म्युलर यांनी पुस्तके आणि कपडे देऊन हातभार लावला. त्याच कॉलेजातील उपाहारगृहाचा चालक मात्र त्यांना चहा-पाणी देत नसे.

१९१२ च्या अखेरीस झालेली बी.ए.ची परीक्षा ते उत्तीर्ण झाले. नोकरीसाठी बडोद्याला गेले आणि थोड्याच दिवसांत वडिलांच्या आजारपणाची तार आली. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी गेले. मुलगा पदवीधर झालेला त्यांनी पाहिला, एवढेच समाधान. त्याच वर्षी बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडन, मध्येच शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने खंडित झालेले शिक्षण, ते पुरे करण्यासाठी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकी करून केलेली काटकसर, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य, पुन्हा लंडन, डी.एस्सी. आणि बॅरिस्टरी हा सर्व प्रवास प्रसिद्ध आहे.

परत आल्यावर त्यांनी संस्थात्मक कामाचा आरंभ कोठून केला, हे पाहण्यासारखे आहे. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि १९२५ च्या जानेवारीत तिचे वसतिगृह सोलापुरात हायस्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी उघडले. १९२८ साली स्थापन केलेल्या शिक्षण संस्थेचे कामही माध्यमिक विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांचेच होते. पनवेल, ठाणे, नाशिक, पुणे, धारवाड येथे ती सुरू झाली. गावातल्या मुलाला शहरात शाळा असते, पण राहायला जागा नसते. परळच्या खोलीत वाढलेल्या माणसाला हे कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती.

१९४२ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी त्यांनी सरकारला सविस्तर निवेदन सादर करून अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी केंद्राच्या तिजोरीतून तरतूद मागितली. १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. दहावीनंतर आमची मुले ज्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरतात तिचे मूळ येथे आहे. पूर्वी त्यासाठी बागेत एखादे केळुसकर भेटावे लागत आणि त्यांची एखाद्या महाराजांशी ओळख असावी लागे. आता दाखले पुरे असले की अर्ज करता येतो. दाखले पुरे असले की, हे शब्द आम्ही जाणूनबुजून लिहिले. आमच्या एका गुणी मुलीचा वसतिगृह प्रवेश केवळ जातीच्या दाखल्यावरील आडनावाच्या एका अक्षरामुळे अडला आणि तिचे वर्ष गेले. त्यात चूक आमचीही होती, आम्ही तो कागद मे महिन्यात पाहायला हवा होता. तेव्हापासून आमच्या शाळेत नववीतच प्रत्येकाचे दाखले तपासले जातात. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे, तिचीही माहिती पालकांना त्याच बैठकीत दिली जाते.

८ जुलै १९४५ रोजी बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ च्या जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. दिवसा नोकरी करणाऱ्या तरुणांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवण्यात आले. त्यानंतर त्यांची दृष्टी वळली ती आपल्या मराठवाड्याकडे. हा प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. पदवी घ्यायची तर हैदराबाद गाठावे लागे आणि उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षण उर्दूतून चाले. मराठी शाळेतून निघालेल्या गरीब मुलासाठी वाट तेथेच संपत असे. १९५० च्या जूनमध्ये औरंगाबादेत सोसायटीचे महाविद्यालय उघडले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. पुढे महाविद्यालयाला राजा मिलिंदाचे आणि परिसराला त्याच्या प्रश्नांना उत्तरे देणाऱ्या भिक्खू नागसेनांचे नाव मिळाले. प्राचार्य म. भि. चिटणीसांसारखे शिक्षक तेथे लाभले. इमारतींच्या आराखड्यापासून झाडांपर्यंत बाबासाहेबांचे लक्ष असे. वर्गांच्या बरोबरीने तेथे वसतिगृहे उभी राहिली आणि १९५५ साली मिलिंद हायस्कूलही निघाले.

आमच्या गावाला हे महाविद्यालय लवकर जवळचे झाले, त्याचे एक कारण आगगाडी. मनमाड–काचीगुडा ही मीटरगेज लाईन पूर्णेवरूनच जात होती. गाडी न बदलता येथला मुलगा औरंगाबादला उतरे. पत्र्याची ट्रंक, वळकटी, भाकरीचे फडके आणि कोणा नातेवाइकाने लिहून दिलेली चिठ्ठी घेऊन आमच्या वडीलधाऱ्यांपैकी कितीतरी जण त्या गाडीत बसले. त्यांतले काही शिक्षक होऊन याच परिसरात परतले. त्यांची नातवंडे आज आमच्या वसतिगृहात आहेत. गेल्या पालक सभेत त्यांपैकी एका आजोबांनी आपली नागसेनवनातली जुनी ट्रंक शाळेला दिली. सध्या तिच्यात आम्ही दहावीच्या मुलांचे दाखले ठेवतो.