हेलन केलरच्या बाई

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दर वर्षी एका थोर स्त्रीची ओळख करून देण्याची प्रथा आहे. यंदा हे काम माझ्याकडे आले. मी हेलन केलरवर लिहिणार, असे पुष्कळ भगिनींना वाटले होते, कारण मी निवृत्त शिक्षिका आणि हेलनची गोष्ट मी वर्गात कितीदा तरी सांगितलेली. दिसत नाही, ऐकू येत नाही, अशा अवस्थेत ती पदवीधर झाली, ग्रंथ लिहिले, जगभर हिंडली. 1955 साली वयाच्या 74 व्या वर्षी ती भारतातही येऊन गेली. परंतु मी लिहिणार आहे ती तिच्या शिक्षिकेविषयी, अ‍ॅन सलिव्हनविषयी. हेलन तिला जन्मभर नुसते ‘बाई’ म्हणावे तशीच हाक मारीत असे. या बाईंविषयी लिहिताना मला माझी स्वतःची एक चूकही सांगावी लागणार आहे. ती शेवटी सांगेन.

अ‍ॅनचा जन्म 14 एप्रिल 1866 रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात झाला. आईवडील आयर्लंडमधून पोट भरण्यासाठी आलेले. घरात अठरा विश्वे दारिद्र्य, त्यात वडिलांना दारूचे व्यसन. पाचव्या वर्षाच्या सुमारास अ‍ॅनला खुपऱ्यांचा विकार जडला. औषधपाणी झाले नाही आणि दृष्टी अधू झाली. पुढे आई क्षयाने गेली. वडिलांनी मुलांची जबाबदारी टाकली. फेब्रुवारी 1876 मध्ये दहा वर्षांचीही न झालेली अ‍ॅन आणि तिचा लहान भाऊ जिमी यांची रवानगी ट्युक्सबरी येथील सरकारी निराधारगृहात झाली. जिमीच्या खुब्याला क्षयाची बाधा झालेली होती. त्या घरात म्हातारे, रोगी, वेडसर, टाकून दिलेल्या बाया, सगळे एकत्र कोंबलेले असत. काही महिन्यांतच जिमी वारला. तिचे म्हणावे असे तिथे कोणी उरले नाही.

आंधळ्या मुलांसाठी निराळी शाळा असते, हे तिला तिथल्याच कोणाकडून तरी कळले. तेव्हापासून तिला शाळेचा ध्यास लागला. पण शाळेत घालणार कोण? 1880 साली राज्याच्या धर्मादाय मंडळाचे लोक निराधारगृहाची तपासणी करावयास आले. त्यांच्यात सॅनबोर्न नावाचे मोठे अधिकारी आहेत, एवढे तिने ऐकले होते. त्यांपैकी सॅनबोर्न कोणते, हे तिला दिसत नव्हते. ती त्या घोळक्यामागून या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिली आणि ते लोक निघून जाण्याच्या बेतात आले तेव्हा पुढे होऊन, मला शाळेत जावयाचे आहे, असा तिने आकांत केला. त्या आकांतामुळे तिला शाळा मिळाली. ऑक्टोबर 1880 मध्ये, 14 व्या वर्षी, ती बॉस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत दाखल झाली. तेव्हा तिला स्वतःचे नावसुद्धा लिहिता येत नव्हते.

भगिनींनो, इथे एक गोष्ट लक्षात घ्या. मॅसॅच्युसेट्स हे अमेरिकेत शिक्षण सक्तीचे करणारे पहिले राज्य. तो कायदा 1852 सालचा, म्हणजे अ‍ॅनच्या जन्माच्याही आधीचा. परंतु शरीराच्या किंवा मनाच्या स्थितीमुळे ज्या मुलाला शाळेत येणे जमत नाही, त्याच्याबाबत त्या कायद्यातच सूट होती. सूट म्हणजे त्या मुलांना शाळेचे दार बंद राहण्याची मोकळीक. कायदा असून अ‍ॅनच्या उपयोगी पडला नाही. तिला साहेबांच्या मागे धावावे लागले.

पर्किन्समध्ये आरंभी फार हाल झाले. बरोबरीच्या मुली सुखवस्तू घरच्या. त्या तिच्या अडाणीपणाला हसत. ती तापट होती, शिक्षकांशीही भांडे. पण बुद्धी तल्लख. डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि तिला थोडा वेळ का होईना, छापील अक्षर वाचता येऊ लागले. त्याच शाळेत लॉरा ब्रिजमन नावाच्या बाई राहत होत्या. त्यांना दिसत नव्हते, ऐकूही येत नव्हते. डॉक्टर हाउ यांनी 1837 पासून त्यांना शिकविले होते. तळहातावर बोटांच्या खुणांनी एकेक अक्षर उमटवून बोलण्याची रीत अ‍ॅन त्यांच्याशी बोलण्यासाठी शिकली. 1886 साली अ‍ॅन वर्गात पहिली येऊन उत्तीर्ण झाली. पण पुढे काय? शिक्षण झाले, तरी जावयाला घर नव्हते.

त्याच सुमारास दक्षिणेकडील अलाबामा राज्यात, टस्कंबिया गावी, केलर कुटुंबात एक मुलगी वाढत होती. 19 महिन्यांची असताना आलेल्या दुखण्यात तिची दृष्टी आणि श्रवणशक्ती दोन्ही गेली होती. आईने लॉरा ब्रिजमनची हकीकत एका पुस्तकात वाचली होती, म्हणून तिने आशा सोडली नाही. वडील मुलीला घेऊन डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी त्यांना टेलिफोनचे संशोधक बेल यांच्याकडे पाठविले आणि बेल यांनी पर्किन्सचे नाव सांगितले. त्या शाळेने अ‍ॅनला पाठविले. 3 मार्च 1887 रोजी 20 वर्षांची अ‍ॅन त्या घरी पोचली. हेलन तेव्हा सात वर्षांचीही झालेली नव्हती.

मुलगी अतिशय हट्टी झालेली. जेवणाच्या टेबलाशी प्रत्येकाच्या ताटात हात घालावयाचा, अडविले की चावावयाचे. घरचे लोक कीव येऊन सारे चालवून घेत. बाईंनी मात्र तसे चालू दिले नाही. एका सकाळी सगळ्यांना बाहेर काढून, दार लावून, तिला चमच्याने खावयास आणि रुमालाची घडी घालावयास लावीपर्यंत त्या थांबल्या नाहीत. पुढे आईवडिलांची संमती घेऊन जवळच्या लहानशा घरात दोघीच राहिल्या, म्हणजे मधे पडावयाला कोणी नको.

हातात बाहुली द्यावयाची आणि तळहातावर बाहुलीची अक्षरे उमटवावयाची, असा क्रम सुरू झाला. हेलन नक्कल करी, पण त्या खुणा म्हणजे वस्तूचे नाव, हे तिला उमगत नव्हते. पेला आणि पेल्यातले पाणी यांत तिचा सारखा गोंधळ होई. 5 एप्रिल रोजी बाईंनी तिला हापशाकडे नेले, एका हातावर पाण्याची धार धरली आणि दुसऱ्या हातावर पाणी हा शब्द पुन्हा पुन्हा उमटविला. तिथे तिला कोडे सुटले. घराकडे परतताना ती दिसेल त्या वस्तूला नव्हे, लागेल त्या वस्तूला हात लावून नाव विचारू लागली. काही तासांतच तीसेक नवे शब्द तिने मिळविले.

ही हापशाची गोष्ट सर्वांना माहीत असते. मला शिक्षिका म्हणून अधिक मोलाचे वाटते ते त्यानंतरचे. बाईंनी ठराविक वेळेचे पाठ बंद केले. हेलनच्या नात्यातली एक 15 महिन्यांची मुलगी त्या न्याहाळीत असत. त्या तान्हीला कोणी व्याकरण शिकवीत नाही, तिच्याशी सारे घर बोलत असते आणि ती आपोआप समजू लागते. मग हेलनच्या हातावरही तसेच बोलले पाहिजे, पूर्ण वाक्यांत, दिवसभर, फुलांविषयी, कोंबडीच्या पिलांविषयी, असे बाईंनी ठरविले. तेव्हा त्यांना 21 वर्षेही पूर्ण झालेली नव्हती. अध्यापनाचे प्रशिक्षण त्यांना मिळालेले नव्हते.

1900 साली हेलन रॅडक्लिफ महाविद्यालयात गेली. तिथे इतर साऱ्या मुली डोळसच होत्या. बाई तिच्या शेजारी बसून प्राध्यापकांचे व्याख्यान हातावर उमटवीत. बहुतेक पुस्तके ब्रेलमध्ये नव्हती. ती बाई स्वतः वाचून हेलनला सांगत, दिवसाचे कित्येक तास, आणि त्यांचे स्वतःचे डोळे तर मुळातच अधू. डॉक्टरांनी वाचन कमी करण्याचा इशारा दिला तरी ते चालूच राहिले. 1904 साली हेलन सन्मानाने पदवीधर झाली. प्रत्येक तासाला हजर राहिलेल्या बाईंना मात्र पदवी नव्हती.

पुढचे आयुष्य थोडक्यात सांगते. 1905 साली बाईंचा जॉन मेसी यांच्याशी विवाह झाला. काही वर्षांनी, 1914 च्या सुमारास, दोघे विभक्त झाले. पैशाची ओढाताण कायमचीच. व्याख्याने झाली, 1920 ते 1924 पर्यंत नाटकशाळांतून करमणुकीच्या कार्यक्रमात उभे राहणेही झाले. नंतर दोघींनी अंधांच्या राष्ट्रीय संस्थेसाठी निधी जमविला. 1932 साली एका विद्यापीठाने बाईंना सन्माननीय पदवी दिली. आधी त्यांनी ती नाकारली होती. अखेरीस दृष्टी पुरती गेली. 20 ऑक्टोबर 1936 रोजी त्या निवर्तल्या. त्यांची रक्षा वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कॅथीड्रलमध्ये ठेवली आहे. 1968 साली हेलन गेली, तेव्हा तिची रक्षाही तिथेच ठेवण्यात आली.

आता माझी गोष्ट. 1971 साली मी एका गावी पहिलीच्या वर्गाला शिकवीत होते. जूनमध्ये एक भाजीवाली बाई आपल्या मुलाला घेऊन आली. मी नाव विचारले, तो बोलला नाही. ऐकू येत नाही, असे आई म्हणाली. माझ्या वर्गात 50 मुले होती. अशा मुलाची शाळा मोठ्या शहरात असते, तिकडे घेऊन जा, असे मी तिला सांगितले. ती कशी जाणार, राहणार कुठे, याचा विचार मी केला नाही. मुलगा तीन दिवस येऊन बाहेर ओट्यावर बसला. फळ्यावर मी काढलेले अक्षर तो विटेच्या तुकड्याने फरशीवर काढीत असे आणि ते बरोबर असे. चौथ्या दिवशी तो आला नाही. मी चौकशीही केली नाही. शाळेतल्या कोणी मला तसे करावयास सांगितले नव्हते. नकार माझा होता.

तेव्हा आपल्याकडे तसा कायदा नव्हता, हे खरे. चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण द्यावे, हे आपल्या घटनेने 1950 सालीच मार्गदर्शक तत्त्व म्हणून सांगितले होते. कोठारी आयोगाने 1966 च्या अहवालात अपंग मुलांना शक्य तिथे सर्वसाधारण शाळांतच शिकवावे, असा विचार मांडला होता. पण हक्क नव्हता. अ‍ॅनच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातही अशा मुलांच्या शिक्षणाचा स्वतंत्र कायदा 1972 मध्ये झाला, म्हणजे त्या पहिल्या सक्तीच्या कायद्यानंतर 120 वर्षांनी. 1975 साली तो हक्क साऱ्या अमेरिकेला लागू झाला. आपल्याकडे 1995 साली अपंग व्यक्तींचा कायदा झाला, 2009 साली शिक्षण हक्काचा आणि 2016 साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा. या शेवटच्या कायद्याने 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. ते जवळच्या शाळेत घ्यावयाचे की विशेष शाळेत, हे निवडण्याची मुभाही त्याला आहे. सरकारी आणि सरकारमान्य संस्थांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावयाचा आहे. पुस्तके व साधने, परीक्षेत लेखनिक व जादा वेळ, शिक्षकांचे प्रशिक्षण, यांचीही त्यात तरतूद आहे.

ही कलमे वाचताना मला बाईंचे डोळे आठवतात. हेलनसाठी एकट्या बाईंनी जे स्वतःच्या डोळ्यांची किंमत देऊन केले, ते काम सर्वांनी वाटून घ्यावे, म्हणून हे कायदे आहेत. अ‍ॅनला शाळा मिळाली ती आकांत केल्यामुळे आणि हेलनला बाई मिळाल्या त्या वडिलांची ऐपत व ओळख होती म्हणून. माझ्या ओट्यावरच्या मुलाजवळ यांपैकी काहीच नव्हते. ज्याला ओरडता येत नाही आणि ज्याची ओळख नाही, त्याच्यासाठीच कायदा लागतो.

पण कायद्याचा हा हक्क सहाव्या वर्षी सुरू होतो. आपल्या मंडळाची बालवाडी तीन ते सहा वर्षांच्या मुलांची आहे. आपल्या मागच्या गल्लीतली चार वर्षांची मुलगी कानाला यंत्र लावून येत्या जूनमध्ये बालवाडीत यावयाची आहे. घ्यावी की नाही, याची चर्चा मागच्या बैठकीत झाली आणि निर्णय पुढे ढकलला गेला. बालवाडीच्या ताईंवर बोजा पडेल, ही अडचण खोटी नाही. 50 मुलांत मी एकटी असताना मलाही तेच वाटले होते. परंतु भाषा शिकण्याचे वय हेच. हेलनची लहानपणची पाचेक वर्षे भाषेवाचून गेली, तशी या मुलीची जाऊ नयेत.

म्हणून माझी सूचना अशी. तिला प्रवेश द्यावा. तिला पुढच्या रांगेत, ताईंचा चेहरा नीट दिसेल अशी बसवावी. तिच्या आईला तज्ज्ञांनी जे सांगितले असेल ते ताईंनी विचारून घ्यावे. रोज एक तास मी स्वतः बालवाडीत येऊन बसेन. गुडघे दुखतात, पण एक खुर्ची मिळाली तर पुरे. आणखी दोघी-तिघींनी वार वाटून घेतले, तर ताईंवर भार पडणार नाही. ज्या भगिनींची तयारी असेल त्यांनी वर्धापनदिनाच्या कार्यक्रमानंतर मला भेटावे. मी दाराजवळच बसलेली असेन.