मातीतले औषध

मुलांनो, उर्दूत मातीला 'खाक' म्हणतात. ज्या गोष्टीला काही किंमत नाही, तिलाही आपण खाकच म्हणतो. पण याच मातीतून औषध शोधणारे एक थोर शास्त्रज्ञ आपल्या पिंपरीत होऊन गेले. त्यांचे नाव डॉ. एम. जे. तिरुमलाचार.

त्यांचा जन्म १९१४ साली झाला. बुरशी हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. शिळ्या भाकरीवरची बुरशी तुम्ही पाहिली असेल. गव्हावरचा तांबेरा आणि ज्वारीची काणी हेही बुरशीचेच रोग. त्यांमुळे शेतकऱ्याच्या हातातोंडाशी आलेले पीक जाते. काणी रोगाच्या बुरशींवर तिरुमलाचार यांनी डॉ. मुंडकूर यांच्यासह लिहिलेला ग्रंथ १९५२ साली प्रसिद्ध झाला. बनारस हिंदू विद्यापीठात त्यांनी अध्यापनही केले.

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. पेनिसिलिन जिवाणूंचा नाश करते, पण बुरशीपुढे त्याचे काही चालत नाही. मग तोंडात, कानात किंवा त्वचेवर बुरशी वाढली, तर रोग्याने काय करावे? त्या काळी यावर औषधे फार थोडी होती. तिरुमलाचार या कारखान्याच्या संशोधन विभागाचे प्रमुख झाले आणि त्यांनी हा प्रश्न हाती घेतला.

त्यांनी उत्तर मातीत शोधले. चिमूटभर मातीत लाखो सूक्ष्मजीव असतात. त्यांपैकी काही जिवाणू धाग्यांसारखे वाढतात. पहिल्या पावसात मातीला जो सुगंध येतो, तो मुख्यतः त्यांच्यामुळे. असे काही जिवाणू इतर जीवांची वाढ रोखणारे पदार्थ तयार करतात. ते शोधण्यासाठी माती पाण्यात कालवतात. त्या पाण्याचे थेंब काचेच्या बशीत पसरून जिवाणू वाढवतात. मग एकेका जिवाणूजवळ बुरशी वाढू देतात. ज्याच्या भोवती बुरशी वाढत नाही, तो उपयोगी. बहुतेक बशा निराशाच करतात. म्हणून या कामाला फार धीर लागतो.

तो धीर फळाला आला. १९६१ साली तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'हॅमायसिन' हे बुरशीनाशक औषध जगापुढे मांडले. ज्या जिवाणूपासून ते मिळाले, त्याला स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना असे नाव दिले. अशा रीतीने आपल्या गावाचे नाव विज्ञानाच्या पुस्तकात गेले. पुढे त्यांनी 'ऑरिओफंजिन' हे औषधही शोधले. ते पिकांच्या रोगांवर उपयोगी पडले. १९९९ साली तिरुमलाचार यांचे निधन झाले.

मुलांनो, पावसाळ्यात कुजलेल्या लाकडावर कधी कधी पिवळा, चिकट थर दिसतो. त्याला स्लाइम मोल्ड म्हणतात. तो बुरशीसारखा दिसतो, पण बुरशी नव्हे. तो हळूहळू सरकतो आणि जिवाणू खातो. असा थर दिसला, तर तोंड फिरवू नका. भिंगातून नीट पाहा. दिवस, जागा आणि रंग वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा आणि काय बदलले, ते पाहा. नंतर हात मात्र साबणाने धुवा.