लाकडाचे जहाज आणि झाडांचा ड्यूक

दर जुलैत आपल्या शाळेत वृक्षारोपण होते आणि खड्ड्यांची रांग आखून देण्याचे काम माझ्याकडे असते. मागच्या वर्षी मी दोनशे रोपे लावल्याचा अहवाल लिहिला. मे महिन्यात टेकडीवर गेलो तेव्हा त्यातली अकरा जिवंत सापडली. अहवालाखाली सही माझीच, त्यामुळे कॅडेट्सवर रागावताही येईना. त्या उन्हाळी सुट्टीत मी स्कॉटलंडच्या एका सरदाराबद्दल वाचायला घेतले. त्यांचे नाव जॉन मरे, ॲथॉल घराण्याचे चौथे ड्यूक. लोक त्यांना झाडे लावणारा ड्यूक म्हणूनच ओळखत.

जन्म १७५५ चा. घराणे लष्करी, पण घरातच फूट पडलेली. वडिलांचे वडील लॉर्ड जॉर्ज मरे १७४५ च्या बंडात स्टुअर्ट राजपुत्राचे सेनापती होते, तर लॉर्ड जॉर्ज यांचे थोरले भाऊ जेम्स राजाच्या बाजूचे. १७४६ मध्ये लॉर्ड जॉर्ज यांनी आपल्याच घराण्याच्या ब्लेअर किल्ल्याला वेढा दिला होता! पुढे लॉर्ड जॉर्ज यांच्या मुलाचे जेम्स यांच्या मुलीशी लग्न झाले आणि त्यांच्या पोटी हे जॉन आले. दोन्ही बाजूंचे रक्त एका अंगात.

१७७४ मध्ये वडील टे नदीत बुडून गेले. एकोणिसाव्या वर्षी, म्हणजे आपले कॅडेट्स एनडीएत असतात त्या वयात, जॉन ड्यूक झाले.

१७७७ मध्ये अमेरिकेतल्या युद्धासाठी त्यांनी एक पायदळ रेजिमेंट उभी केली, ७७ वी, म्हणजेच ॲथॉल हायलँडर्स. नेतृत्व चुलत्यांकडे होते. भरतीची अट साधी होती : तीन वर्षे, किंवा युद्ध चालेल तोवर. रेजिमेंटची नोकरी आयर्लंडमध्ये गेली. १७८३ च्या जानेवारीत, तह होत असतानाच, तिला पोर्ट्समथ बंदरात आणले गेले आणि हुकूम मिळाला की जहाजावर चढा, हिंदुस्थानला जायचे आहे. जवान चढले नाहीत. आपल्याला ईस्ट इंडिया कंपनीला विकले, अशीच त्यांची समजूत झाली. प्रकरण पार्लमेंटपर्यंत गेले, अट वाचली गेली आणि हुकूम मागे घेतला गेला. रेजिमेंट उत्तरेला नेऊन बरखास्त केली, शिक्षा कोणालाही झाली नाही. मी शिस्तीचा माणूस आहे, बंड हा शब्द मला आवडत नाही. पण ही हकीकत मी वर्गात सांगतो तेव्हा जवानांना दोष देणे मला जमत नाही. कागदावर दिलेला शब्द सरकारचाही असतो.

आता झाडांकडे वळू. आईचे वडील म्हणजे तेच जेम्स. त्यांनी १७३८ मध्ये डंकेल्डला लार्चची काही रोपे लावली होती, टायरॉलच्या डोंगरातून आलेली. लार्च सूचिपर्णी असूनही हिवाळ्यात पाने गाळतो. ज्यांचे वडील सिक्कीममध्ये पोस्टिंगवर होते त्यांनी त्याचा हिमालयातला भाऊबंद पाहिला असेल. नातवाने या झाडाचा ध्यासच घेतला. शेती होणार नाही, मेंढीलाही धड चारा मिळणार नाही, अशा उघड्या डोंगरउतारांवर त्यांनी लार्च लावला. १७३८ ते १८२६ या काळात घराण्याने १ कोटी ४० लाखांवर लार्च लावले, त्यांतले बहुतेक याच ड्यूकच्या कारकिर्दीतले. एक कडा इतका उभा होता की माणूस चढेना. तेव्हा पत्र्याच्या डब्यांत बी भरून ते तोफेने कड्यावर मारले, असे सांगतात. ही युक्ती चित्रकार अलेक्झांडर नॅस्मिथ यांची. (तोफखान्यात जाऊ इच्छिणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

मला मात्र तोफेपेक्षा त्यांची नजर मोठी वाटते. त्यांना दिसले की लार्चची पाने दर शरदात गळून जमिनीवर थर होतो, सावलीने हेदरची झुडपे मरतात आणि त्यांच्या जागी गवत येते. काही वर्षांनी विरळणी केली की त्याच उतारावर गुरे चरू शकतात आणि जमिनीचे भाडे कित्येक पट वाढते. झाड आणि गवत एकमेकांचे शत्रू नाहीत, हे त्यांनी माती पाहून ओळखले. आजच्या अर्थाने त्यांना पर्यावरणवादी म्हणणे मात्र मला धाडसाचे वाटते. डोंगरच्या डोंगर एकाच जातीने भरणे आजचा वनाधिकारी टाळेल. आणि माणसांशी त्यांचे नेहमीच जमले असेही नाही : आयल ऑफ मॅन बेटाचे ते गव्हर्नर होते आणि तिथल्या लोकांशी त्यांचे वर्षानुवर्षे भांडण चालले.

एवढी झाडे कशासाठी? आरमारासाठी. मोठ्या युद्धनौकेला सुमारे २,००० ओक लागत आणि नेपोलियनच्या युद्धांत ओक संपत चालला होता. म्हणूनच ब्रिटिशांनी मुंबईच्या गोदीत वाडियांकडून सागवानी जहाजे बांधून घेतली. त्यांपैकी १८१७ चे ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये आजही तरंगते आहे. ड्यूकचे म्हणणे होते की ओकची जागा लार्च घेईल. १८२० मध्ये वुलिचला त्यांच्या लार्चचे २८ तोफांचे ‘ॲथॉल’ पाण्यात उतरले. तुलनेसाठी त्याच नमुन्याचे ‘निमेन’ बाल्टिक पाइनचे बांधले. ‘निमेन’ १८२८ मध्येच मोडीत काढावे लागले. ‘ॲथॉल’ पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांची जहाजे पकडण्याच्या कामगिरीवर गेले, आणि मोडले ते थेट १८६३ मध्ये.

ड्यूक १८३० मध्ये वारले. त्यांनी शेवटी लावलेली रोपे जहाजाच्या मापाची व्हायला अजून साठ-सत्तर वर्षे हवी होती. ती झाडे मोठी झाली तेव्हा आरमार लोखंडाचे झाले होते. त्यांचा हिशेब चुकला खरा. पण डोंगर हिरवे झाले ते झालेच. १७३८ मधल्या त्या पहिल्या रोपांपैकी एक लार्च डंकेल्डच्या कॅथेड्रलजवळ अजून उभा आहे.

या जुलैत मी साठच खड्डे मागितले आहेत. कोणत्या आठवड्यात पाणी कोणाचे, ती यादी मेसच्या दाराशी लागेल. सुट्टीतल्या पाण्यासाठी मात्र शाळेजवळ राहणाऱ्या पालकांनी नावे दिली तर बरे होईल.