रुडॉल्फ डिझेल

रायपूरमधील एखाद्या गॅरेजात जुनी मोटारसायकल दुरुस्तीला येते. किक मारताना पायाला नेहमीचा जोर लागत नाही आणि इंजिन सुरू होत नाही. अनुभवी मेकॅनिक ओळखतो, की कॉम्प्रेशन कमी झाले आहे. म्हणजेच सिलिंडरमध्ये हवा पुरेशी दाबली जात नाही. ती कोठून निसटते, हे शोधण्यातच त्याचे कौशल्य असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशाच निसटणाऱ्या हवेने एका संशोधकाची कसोटी पाहिली. त्यांचे नाव रुडॉल्फ डिझेल.

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील मूळचे जर्मन. वडील चामड्याच्या वस्तू बनवीत. १८७० साली फ्रान्स व जर्मनी यांच्यात युद्ध पेटले आणि या कुटुंबाला घरदार सोडून लंडनला जावे लागले. बारा वर्षांच्या रुडॉल्फला शिक्षणासाठी जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे नातेवाइकांकडे पाठवण्यात आले. पुढे शिष्यवृत्तीच्या आधाराने तो म्युनिकमध्ये अभियांत्रिकी शिकला. वाफेचे इंजिन कोळशातील सुमारे नव्वद टक्के उष्णता वाया घालवते, हे तेथे प्राध्यापक कार्ल लिंडे यांच्या व्याख्यानातून त्याला समजले. ही उधळपट्टी थांबवण्याचा ध्यास त्याने घेतला.

सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो, कारण दाबलेली हवा तापते. हवा खूपच दाबली, तर तिच्या उष्णतेनेच इंधन पेटेल व ठिणगीची गरज उरणार नाही, असा डिझेल यांचा विचार होता. १८९३ साली या कल्पनेचे पेटंट त्यांना मिळाले आणि ऑग्सबर्गच्या कारखान्यात प्रयोग सुरू झाले.

कागदावरची कल्पना लोखंडात उतरवणे मात्र कठीण ठरले. पिस्टनच्या कडेने हवा गळे आणि अपेक्षित दाब मिळत नसे. ऑगस्ट १८९३ मध्ये तर स्फोट होऊन दाब मोजण्याचे उपकरण उडाले. डिझेल थोडक्यात बचावले. तरी ते खचले नाहीत. प्रत्येक अपयशाची नोंद करून त्यांनी गळतीच्या जागा शोधल्या आणि यंत्राचे भाग पुन्हा पुन्हा बदलले. फेब्रुवारी १८९४ मध्ये इंजिन स्वतःच्या शक्तीने जेमतेम एक मिनिट चालले. आणखी तीन वर्षांनी, १८९७ साली, त्याची जाहीर चाचणी झाली. इंधनातील सुमारे २६ टक्के उष्णतेचे कामात रूपांतर होत असल्याचे सिद्ध झाले.

या यशाने डिझेल यांना कीर्ती व संपत्ती मिळाली. पण पेटंटचे वाद, ढासळलेली प्रकृती आणि बुडालेली गुंतवणूक यांनी त्यांना ग्रासले. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री इंग्लंडला जाताना ते जहाजावरून नाहीसे झाले. काही दिवसांनी त्यांचा मृतदेह समुद्रात आढळला. मृत्यूचे गूढ कायम राहिले.

त्यांच्या नावाचे इंजिन ट्रक, ट्रॅक्टर आणि शेतातील पंप यांच्याद्वारे जगभर पोहोचले. मोटारसायकलचे पेट्रोल इंजिन ठिणगीवर चालते. तरी दाब टिकवण्याची गरज तेथेही असतेच. मेकॅनिक स्पार्क प्लगच्या जागी दाबमापक लावून दाब पाहतो. तो कमी भरला, तर सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडून पुन्हा मोजतो. दाब वाढला, तर पिस्टनच्या रिंगा किंवा सिलिंडर झिजला असावा. न वाढल्यास दोष बहुधा व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटमध्ये असतो. अंदाजाने यंत्र खोलण्यापूर्वी मोजमाप करून दोषाचे मूळ गाठणे, हीच डिझेल यांचीही रीत होती.