गुडघ्यातलं इंजेक्शन आणि काविळीचं कोडं

गुडघेदुखीसाठी हाडांच्या डॉक्टरांकडे गेलं, की गोळ्या, मलम आणि व्यायाम झाल्यावर कधी ना कधी स्टेरॉइडच्या इंजेक्शनचा विषय निघतोच. काहींना नाव ऐकूनच धडकी भरते. काही जण मात्र एकदा बरं वाटलं म्हणून दर दोन महिन्यांनी स्वतःहून मागायला जातात. या दोन्ही टोकांच्या मंडळींसाठी आज डॉ. फिलिप शोवाल्टर हेंच यांची ओळख. सांध्यांनी आखडलेल्या रुग्णाला हे औषध पहिल्यांदा टोचलं गेलं ते त्यांच्या देखरेखीखाली, आणि त्याची दुसरी बाजूही आधी दिसली ती त्यांनाच.

हेंच यांचा जन्म २८ फेब्रुवारी १८९६ रोजी अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात झाला. तिथल्याच विद्यापीठातून १९२० साली ते डॉक्टर झाले आणि पुढे मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर इथल्या मेयो क्लिनिकमध्ये गेले. १९२६ मध्ये तिथल्या संधिवात विभागाची सूत्रं त्यांच्याकडे आली. त्या काळी हा विभाग कुणी हौसेनं मागून घ्यावा असा नव्हता. आमवाताच्या, म्हणजे रूमेटॉइड आर्थ्रायटिसच्या रुग्णाला द्यायला अ‍ॅस्पिरिन आणि विश्रांती यांपलीकडे फारसं काही नव्हतं. दुखण्याचं मूळ कुठे तरी लपलेल्या जंतुसंसर्गात असेल या समजुतीनं चांगले दात आणि टॉन्सिलही काढले जात. सोन्याच्या क्षारांची इंजेक्शनं होती, मधमाशीच्या विषाचेही प्रयोग होत. हा आजार एकदा लागला की पाठ सोडत नाही, असंच बहुतेक डॉक्टर धरून चालत.

एप्रिल १९२९ मध्ये ६५ वर्षांचे एक रुग्ण, जे स्वतः डॉक्टर होते, हेंच यांच्याकडे आले. त्यांना आमवात होता, त्यातच कावीळ झाली. कावीळ सुरू होऊन आठवडा होतो न होतो तोच सांध्यांचं दुखणं ओसरलं. एरवी चार पावलं टाकताना कण्हणारा माणूस मैलभर चालला. कावीळ बरी झाल्यावरही काही महिने हा आराम टिकला. दुसरा एखादा डॉक्टर योगायोग म्हणून पुढच्या रुग्णाकडे वळला असता. हेंच मात्र हट्टी नोंदी ठेवणारे. त्यांनी जुने-नवे रुग्ण विचारून विचारून असेच आणखी अनुभव गोळा केले. मग लक्षात आलं की आमवात झालेल्या अनेक स्त्रियांना गरोदरपणातही असाच आराम पडतो आणि बाळंतपणानंतर दुखणं परत येतं.

यातून त्यांनी काढलेलं अनुमान त्या काळाच्या मानानं धाडसी होतं. आजार जर असा थांबू शकतो, तर तो कायमचा आणि अटळ नाही. आणि पुरुषाला कावीळ झाल्यावर व स्त्री गरोदर असताना, अशा दोन अगदी वेगळ्या स्थितींत तो थांबतो, तर शरीरच स्वतःजवळचा कुठला तरी पदार्थ वापरत असलं पाहिजे. या अज्ञात पदार्थाला त्यांनी नुसतं ‘एक्स’ म्हटलं.

पुढची जवळजवळ दहा वर्षं या एक्सच्या शोधात फुकट गेली म्हटलं तरी चालेल. काविळीत पित्त वाढतं, म्हणून त्यांनी रुग्णांना पित्त दिलं, पित्तक्षार दिले. काविळीच्या रुग्णांचं रक्तसुद्धा चढवून पाहिलं. आज हे वाचताना अंगावर काटा येतो, पण तेव्हाचे नियम तेवढेच सैल होते. हाती काही लागलं नाही.

मेयो क्लिनिकमध्येच एडवर्ड केंडॉल नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. १९१४ च्या नाताळच्या दिवशी थायरॉइड ग्रंथीतलं थायरॉक्सिन वेगळं काढून त्यांनी नाव कमावलं होतं. १९३० च्या दशकात ते मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींच्या मागे लागले होते. गुरांच्या ग्रंथींचे ढीगच्या ढीग वापरून त्यांना गुंजभर स्फटिक मिळत. त्यांना त्यांनी ए, बी, ई, एफ अशी साधी अक्षरं दिली होती. आपला एक्स यांच्यातच दडलेला असेल, अशी शंका हेंच यांना येऊ लागली. जानेवारी १९४१ मध्ये दोघांनी ठरवलं की पुरेसा मिळाला की पदार्थ ई वापरून पाहायचा. अडचण त्या ‘पुरेसा’ या शब्दात होती.

मग युद्ध आलं. जर्मन वैमानिक अधिवृक्क ग्रंथींचा अर्क घेऊन फार उंचावरून विमानं चालवतात, अशी अफवा उठली. ती खोटी होती, पण तिच्यामुळे अमेरिकेत या संशोधनाला जोर चढला. मर्क कंपनीतल्या लुइस सॅरेट या तरुण रसायनशास्त्रज्ञानं गुरांच्या पित्तातल्या आम्लापासून सुरुवात करून, तीसहून अधिक पायऱ्या ओलांडत, पदार्थ ई तयार केला. म्हणजे पित्ताचा धागा अखेरीस उपयोगी पडलाच, फक्त हेंच यांना वाटलं होतं तसा नाही. ते स्वतः या काळात लष्करात होते, हॉट स्प्रिंग्जच्या लष्करी रुग्णालयात संधिवाताचं केंद्र सांभाळत होते.

१९४८ च्या उन्हाळ्यात २९ वर्षांची एक स्त्री मेयोत दाखल झाली. चार वर्षांहून जास्त काळ तिला आमवात होता आणि अंथरुणात कूस बदलणंही मुश्किल झालं होतं. मुद्दाम कावीळ घडवण्याचा उपचारही तिच्यावर करून झाला, तो फसला. हेंच यांनी मर्ककडे पदार्थ ई मागितला आणि काही ग्रॅम मिळाला. २१ सप्टेंबरला १०० मिलिग्रॅमचं पहिलं इंजेक्शन स्नायूत दिलं, मग रोज एक. दोन दिवसांनी सकाळी तिला सहज कूस बदलता आली. आठवड्याभरात ती बाजारात जाऊन तासन्‌तास खरेदी करून आली.

एप्रिल १९४९ मध्ये हेंच यांनी सहकाऱ्यांसमोर चित्रफीत दाखवली. आधी खुरडत चालणारे रुग्ण, मग तेच रुग्ण झपझप जिने चढताना. वर्तमानपत्रांनी हा चमत्कार जगभर पोचवला. पदार्थ ई आता कॉर्टिसोन झाला होता. १९५० चं वैद्यकशास्त्राचं नोबेल हेंच, केंडॉल आणि बाझेलचे टाडेउश राइखश्टाइन यांना मिळालं. पहिल्या इंजेक्शनला तेव्हा सव्वादोन वर्षंच झाली होती.

वर्तमानपत्रांनी एक गोष्ट बाजूला टाकली होती. औषध थांबवलं की दुखणं परत येतं, हे हेंच यांनी पहिल्याच अहवालात लिहिलं होतं, आणि याला आजार बरा करणारं औषध समजू नका असं ते सांगत राहिले. लवकरच बाकीचंही दिसू लागलं. चेहरा चंद्रासारखा गोल होणं, पोटात व्रण, रक्तात साखर, ठिसूळ हाडं, जंतुसंसर्ग, काहींना चक्क वेडाचे झटके. बाहेरून मिळतंय म्हटल्यावर रुग्णाची स्वतःची ग्रंथी काम थांबवी आणि औषध एकदम बंद करणं जिवावर बेते. आपल्याकडे गुडघेदुखीवरच्या बिननावाच्या काही पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, तेव्हा घडतं ते हेच. दोन दिवसांत गुण देणाऱ्या पुडीचा संशय घ्यायला हवा, तो त्यासाठी.

सगळ्या शरीराला औषध देण्याऐवजी दुखऱ्या सांध्यातच ते सोडलं तर? फिलाडेल्फियाच्या जोसेफ हॉलंडर यांनी हे करून पाहिलं. सांध्यात कॉर्टिसोननं निराशा केली, कारण यकृतात गेल्यावरच त्याचं कामाच्या रूपात रूपांतर होतं. ते कामाचं रूप म्हणजे केंडॉल यांचा पदार्थ एफ, हायड्रोकॉर्टिसोन. तो थेट सांध्यात सोडल्यावर सूज उतरली. १९५१ मध्ये हॉलंडर यांनी हे प्रसिद्ध केलं. आज गुडघ्यात टोचतात ती ट्रायामसिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन ही त्याचीच पुढची भावंडं.

इथे एक फरक नीट लक्षात घ्या. हेंच यांचे रुग्ण आमवाताचे होते, त्यात मूळ दोषच दाहाचा. आपल्याकडे साठीनंतर मांडी घालून बसता येत नाही, त्यामागे बहुतेकदा ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे कूर्चेची झीज असते. तिथे स्टेरॉइड वरची सूज आणि वेदना कमी करतं, झिजलेलं भरून काढत नाही. आराम सहसा काही आठवडे टिकतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत १४० रुग्णांना दोन वर्षं दर तीन महिन्यांनी ट्रायामसिनोलोन किंवा नुसतं सलाइन टोचलं. वेदनेत फरक दिसला नाही, उलट स्टेरॉइडवाल्यांची कूर्चा जास्त पातळ झाली. २०२० च्या दुसऱ्या चाचणीत वर्षअखेरीस इंजेक्शनवाल्यांपेक्षा फिजिओथेरपी घेतलेले रुग्ण चांगले होते.

म्हणून इंजेक्शन वाईट, असं मात्र नाही. गुडघा अचानक सुजलाय, पाऊल टेकवत नाही, अशा वेळी मिळालेल्या चार-सहा आठवड्यांत मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम सुरू करता आला, तर त्याचं सोनं झालं. नुसतं आराम पडला म्हणून पुन्हा तीन मजले चढ-उतार सुरू केली तर ते वाया गेलं. वजन एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. डायक्लोफिनॅकचं मलम गोळ्यांपेक्षा पोटाला सौम्य, आणि काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची. हायल्युरोनिक आम्ल आणि पीआरपी या महागड्या इंजेक्शनांचा पुरावा अजून डळमळीत आहे. मधुमेह असेल तर स्टेरॉइडनंतर काही दिवस साखर वाढते, तेव्हा आधी सांगा आणि मोजत राहा. सांधेबदलाची शस्त्रक्रिया ठरली असेल तर तिच्या आधीच्या तीन महिन्यांत त्या गुडघ्यात सुई नको.

हेंच १९५७ मध्ये निवृत्त झाले. त्यांना शेरलॉक होम्सचं वेड होतं. त्यांनी जमवलेली होम्सची पुस्तकं आज मिनेसोटा विद्यापीठात आहेत. पीतज्वर डासांमुळे पसरतो हे क्युबात कसं सिद्ध झालं, याचीही कागदपत्रं त्यांनी वर्षानुवर्षं गोळा केली. ३० मार्च १९६५ रोजी जमैकात न्यूमोनियानं त्यांचं निधन झालं. तोवर सांध्यात स्टेरॉइड टोचणं ही दवाखान्यातली रोजची बाब झाली होती. काविळीत आमवात का थांबतो, याचं पूर्ण उत्तर मात्र कॉर्टिसोननंही दिलं नव्हतं.