विश्लेषण : शिक्षक, खासदार, मग भूमिगत… चितगावच्या डोंगरांतील मानवेंद्र लारमांचा प्रश्न अजून का सुटलेला नाही?

बांगलादेशातील चितगावच्या डोंगराळ प्रदेशात आदिवासींच्या वस्तीला आग लागल्याची बातमी आली, की एक नाव हमखास पुढे येते. ते म्हणजे मानवेंद्र नारायण लारमा. नव्या देशाच्या राज्यघटनेत आपल्या लोकांचे नाव असावे, एवढी मागणी घेऊन ते ढाक्यात गेले होते. ती फेटाळली गेली आणि अवघ्या काही वर्षांत हा लोकप्रतिनिधी जंगलात भूमिगत झाला. १९८३ मध्ये त्यांची हत्या झाली. या डोंगरांत शांतता का टिकत नाही, याचे उत्तर त्यांच्या ४४ वर्षांच्या आयुष्यात सापडते.

हा प्रदेश आणि तिथले लोक कोण?

रांगामाटी, खागराछडी आणि बांदरबन हे तीन जिल्हे मिळून हा सुमारे १३ हजार चौरस किलोमीटरचा प्रदेश होतो. बांगलादेशच्या भूभागाचा तो जवळपास दहावा हिस्सा. त्रिपुरा, मिझोराम आणि म्यानमारला तो लागून आहे. चकमा, मारमा, त्रिपुरा, म्रो अशा अकरा जमाती इथे राहतात. चकमा व मारमा प्रामुख्याने बौद्ध, त्रिपुरा हिंदू, तर काही जमाती ख्रिस्ती. डोंगर उतारावरील फिरत्या शेतीला ‘झूम’ म्हणतात. त्यावरून हे सगळे लोक स्वतःला ‘जुम्म’ म्हणवतात. ब्रिटिशांनी १९०० साली केलेल्या नियमावलीने बाहेरच्यांना इथे जमीन घेण्यावर आणि वसण्यावर निर्बंध घातले होते. फाळणीत हा बहुसंख्य बिगरमुस्लीम प्रदेश पाकिस्तानच्या वाट्याला गेला.

धरणाने काय बुडवले?

लारमा यांचा जन्म १५ सप्टेंबर १९३९ रोजी रांगामाटी भागातील एका चकमा कुटुंबात झाला. वडील शाळेत मुख्याध्यापक. घरात शिक्षणाला मान होता. चितगावच्या महाविद्यालयात ते शिकत असताना कर्णफुली नदीवर कप्ताईचे जलविद्युत धरण उभे राहत होते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जलाशय भरला. सुमारे ५४ हजार एकर शेतजमीन, म्हणजे या प्रदेशातील सुपीक जमिनीचा जवळपास ४० टक्के भाग, पाण्याखाली गेला. सुमारे एक लाख माणसे उठली, त्यांत बहुतांश चकमा. लारमांचे गावही बुडाले. हजारो कुटुंबे सीमा ओलांडून भारतात आली. त्यातील अनेक आजच्या अरुणाचल प्रदेशात वसवली गेली.

वीज मैदानात गेली, पाणी डोंगरात राहिले. नुकसानभरपाई तुटपुंजी होती. याविरोधात बोलणाऱ्या तरुण लारमांना फेब्रुवारी १९६३ मध्ये अटक झाली. दोन वर्षांनी ते सुटले. मग शिक्षकी केली, कायद्याची पदवी घेतली, चितगावात वकिली सुरू केली. १९७० मध्ये ते पूर्व पाकिस्तानच्या प्रांतिक विधानसभेवर अपक्ष म्हणून निवडून गेले.

राज्यघटनेवरून सभात्याग कशासाठी?

बांगलादेश स्वतंत्र झाला तेव्हा डोंगरी लोकांविषयी ढाक्यात संशय होता. चकमांचे राजे त्रिदिव राय यांनी १९७१ मध्ये पाकिस्तानची बाजू घेतली होती. त्याची झळ संपूर्ण समाजाला बसली. फेब्रुवारी १९७२ मध्ये लारमा यांच्यासह एक शिष्टमंडळ शेख मुजिबुर रहमान यांना भेटले. मागण्या चार होत्या: स्वतंत्र विधिमंडळासह स्वायत्तता, १९०० च्या नियमावलीला घटनेत स्थान, पारंपरिक राजांची पदे कायम आणि या तरतुदी परस्पर बदलता येणार नाहीत याची हमी. एकही मान्य झाली नाही. त्याच वर्षी पार्वत्य चट्टग्राम जनसंहती समिती हा पक्ष स्थापन झाला.

घटना समितीत लारमा केवळ आपल्या प्रदेशापुरते बोलले नाहीत. शेतकरी, नावाडी, रिक्षाचालक आणि स्त्रिया यांचे हक्क मसुद्यात कुठे आहेत, हेही त्यांनी विचारले. ३१ ऑक्टोबर १९७२ रोजी देशाचे सारे नागरिक बंगाली म्हणून ओळखले जातील, अशी दुरुस्ती आली. आपण या देशाचे नागरिक आहोत, मात्र बंगाली नाही, चकमा आहोत, अशी भूमिका त्यांनी मांडली. दुरुस्ती मंजूर झाली आणि ते सभागृहातून बाहेर पडले.

खासदार भूमिगत का झाला?

लारमांनी संसदीय मार्ग लगेच सोडला नाही. १९७३ च्या निवडणुकीत ते पुन्हा जिंकले. देशात एकपक्षीय व्यवस्था आली, तेव्हा १९७५ मध्ये ते मुजिब यांच्या ‘बाकशाल’ पक्षातही सामील झाले. मात्र समांतरपणे जानेवारी १९७३ मध्ये पक्षाची सशस्त्र शाखा, शांती वाहिनी, तयार झाली होती. ऑगस्ट १९७५ मध्ये मुजिब यांची हत्या झाली, लष्करी राजवट आली आणि बोलणीचा उरलासुरला रस्ताही बंद झाला. लारमा भूमिगत झाले.

हिंसाचाराचे स्वरूप कसे होते?

लष्कराच्या छावण्या वाढत गेल्या. १९७९ पासून झियाउर रहमान सरकारने मैदानातील भूमिहीन बंगाली कुटुंबांना जमीन व शिधा देऊन इथे वसवायला सुरुवात केली. काही वर्षांत सुमारे चार लाख माणसे आली. १९५१ मध्ये लोकसंख्येत सुमारे ९१ टक्के असलेले डोंगरी लोक १९९१ मध्ये ५१ टक्क्यांवर आले. आलेले लोकही गरीबच होते. पण त्यांना मिळालेली जमीन बऱ्याचदा आधीच कुणाची तरी होती. धरणाने जमीन आधीच कमी केली होती.

मार्च १९८० मध्ये कलमपती येथे बौद्ध विहाराच्या दुरुस्तीसाठी जमवलेल्या गावकऱ्यांवर सैनिकांनी गोळीबार केला आणि नंतर वसाहतकऱ्यांनी गावांवर हल्ले केले, असे तिथे गेलेल्या विरोधी खासदारांनी जाहीर केले. मृतांची संख्या सुमारे ३०० असल्याचे सांगितले जाते. दुसरीकडे, शांती वाहिनीच्या हल्ल्यांत वसाहतींतील निःशस्त्र बंगालीही मारले गेले आणि त्याचा सूड पुन्हा आदिवासी गावांवर उगवला गेला. कारण ताजे असो वा जुने, शेवट सारखाच होई: घरे जळत, लोक पळत आणि मोकळी झालेली जमीन दुसऱ्याच्या ताब्यात जाई.

लारमांचा अंत कसा झाला?

१९८२ मध्ये जनसंहती समितीत फूट पडली. लारमांचा गट दीर्घकाळ चालणाऱ्या लढ्याची तयारी ठेवून स्वायत्तता मागत होता. प्रीतिकुमार चकमा यांच्या गटाला झटपट विजय हवा होता. १० नोव्हेंबर १९८३ रोजी या विरोधी गटाने छावणीवर हल्ला केला. लारमा आणि त्यांचे आठ सहकारी ठार झाले. ज्या लोकांना एका नावाखाली आणण्यासाठी ते झटले, त्यांच्यातल्याच काहींनी त्यांना संपवले. पुढे धाकटे भाऊ ज्योतिरिंद्र बोधिप्रिय ऊर्फ संतू लारमा यांनी नेतृत्व केले. १९८६ नंतर पन्नास हजारांहून अधिक निर्वासित त्रिपुरातील शिबिरांत राहिले.

१९९७ च्या कराराने काय साधले?

२ डिसेंबर १९९७ रोजी शेख हसीना सरकार आणि संतू लारमा यांच्यात करार झाला. बंडखोरांनी शस्त्रे ठेवली, निर्वासित परतले, प्रादेशिक परिषद स्थापन झाली. दोन दशकांचे युद्ध थांबले, हे यश छोटे नाही. मात्र तात्पुरत्या लष्करी छावण्या पूर्ण हटल्या नाहीत, जमीन आयोगाचे निवाडे रखडले आणि जिल्हा परिषदांची १९८९ नंतर निवडणूकच झाली नाही. करार अमान्य असलेल्यांनी वेगळी संघटना काढली आणि आदिवासी गटांतच रक्त सांडत राहिले. २०११ च्या घटनादुरुस्तीत लहान जमातींचा उल्लेख आला. पण त्याच दुरुस्तीने देशाची जनता राष्ट्र म्हणून बंगाली असल्याचेही नमूद केले.

शांततेची आशा कशावर?

जुना क्रम अजून मोडलेला नाही. २०१७ मध्ये लंगदू येथे एका बंगाली मोटारसायकलस्वाराचा मृतदेह सापडल्यावर आदिवासींची दोनशेहून अधिक घरे जाळली गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये खागराछडीत जमावाच्या मारहाणीत एक बंगाली तरुण मेला. त्यानंतरच्या हिंसाचारात चार आदिवासींचा जीव गेला. एका गुन्ह्याची शिक्षा पूर्ण वस्तीला मिळते, कारण तंटा मुळात त्या गुन्ह्याचा नसून जमिनीचा असतो.

त्यामुळेच आशा नव्या घोषणांत नाही, जुन्या कागदांत आहे. जमीन आयोगाने कुणाची जमीन कुणाकडे आहे हे ठरवावे, परिषदांना निवडणुकीतून खरे अधिकार मिळावेत आणि जाळपोळ करणाऱ्यांवर खटले उभे राहावेत. गरीब वसाहतकरी कुटुंबांचेही काय, याचा तोडगा त्यातूनच निघू शकतो. लारमांनी १९७२ मध्ये मागितले ते एवढेच होते: बंगाली न होता बांगलादेशी राहण्याची मुभा आणि पायाखालच्या जमिनीला कायद्याचे कुंपण.