जेम्स ब्रँड पिंकर

जेम्स ब्रँड पिंकर (१८६३ – ८ फेब्रुवारी १९२२) हे लंडनमधील साहित्य-प्रतिनिधी होते. लेखकाच्या वतीने त्याचे हस्तलिखित संपादक व प्रकाशकांकडे पाठविणे, मोबदल्याची बोलणी करणे आणि करार सांभाळणे हे अशा प्रतिनिधीचे काम असते. मराठीत लेखक व प्रकाशक यांचा व्यवहार बहुधा थेट होत आल्याने हे नाते मराठी वाचकास काहीसे अपरिचित वाटण्याचा संभव आहे. जोसेफ कॉनरॅड, हेन्री जेम्स, आर्नल्ड बेनेट, स्टीफन क्रेन, डी. एच. लॉरेन्स आदी लेखकांचे व्यवहार पिंकर यांनी पाहिले.

पूर्वायुष्य

पिंकर यांनी टिलबरीच्या गोदीत कारकुनी केली. पुढे ते कॉन्स्टँटिनोपल येथे 'लेव्हंट हेरल्ड' या वृत्तपत्रात काम करू लागले. लंडनला परतल्यावर 'ब्लॅक अँड व्हाइट' या सचित्र साप्ताहिकाचे सहायक संपादकपद आणि अल्पकाळ 'पिअर्सन्स मॅगझीन'चे संपादकपद त्यांनी सांभाळले. कोणत्या संपादकाला काय हवे असते, याची जाण त्यांना आली ती संपादकाच्या खुर्चीत बसूनच.

व्यवसाय

जानेवारी १८९६ मध्ये त्यांनी स्वतःची कचेरी उघडली. या व्यवसायाचा पाया ए. पी. वॉट यांनी आधीच घातला होता आणि मिळकतीवर दहा टक्के दलालीचा प्रघातही रूढ झाला होता. काळ अनुकूल होता. १८९१ च्या कायद्यामुळे इंग्लंडच्या लेखकांना अमेरिकेत स्वामित्वहक्क मिळू लागला होता. मासिकांची संख्याही वाढत होती. एकाच कादंबरीचे मासिकातील क्रमशः प्रकाशन, इंग्लंडमधील पुस्तक आणि अमेरिकेतील पुस्तक असे निरनिराळे हक्क निरनिराळ्या ठिकाणी विकता येत. हा हिशेब एकट्या लेखकाच्या आवाक्यातला नव्हता. साभार परत आलेले हस्तलिखित नव्या पत्रासह दुसरीकडे पाठविणे हेही प्रतिनिधीचेच काम. जेम्स जॉइस यांची पहिली कादंबरी पिंकर यांनी लंडनमधील प्रकाशकांकडे पाठविली, परंतु ती नाकारली गेली. अखेर १९१६ मध्ये ती न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झाली.

पिंकर यांचे वेगळेपण मात्र दलालीत नव्हते. पुस्तक पुरे होण्याआधीच ते लेखकाला पैसे देत. बेनेट यांना त्यांनी ठरावीक मासिक रक्कम चालू केली आणि बेनेट यांनी नेमाने लिहून ती फेडली. पुस्तक लिहूनच झाले नाही, तर बुडणारा पैसा पिंकर यांचा असे.

कॉनरॅड यांच्याशी संबंध

ही जोखीम सर्वांत मोठी ठरली ती कॉनरॅड यांच्या बाबतीत. आपली लिहिण्याची रीत व्यवहाराला धरून नाही, असे सांगून कॉनरॅड यांनी १८९९ मध्ये पिंकर यांना प्रथम नकारच दिला होता. पुढच्याच वर्षी ते पिंकर यांच्याकडे आले. कॉनरॅड संथपणे लिहीत, कबूल केलेली मुदत हमखास उलटत असे आणि घरखर्च, आजारपण यांसाठी पैशांची मागणी करणारी पत्रे येत राहत. कर्ज दोन हजार पौंडांच्या वर गेले. अखेरीस पिंकर यांनी हस्तलिखित हाती आल्याखेरीज पैसे न देण्याची ताकीद दिली.

जानेवारी १९१० मध्ये 'अंडर वेस्टर्न आइज'चे हस्तलिखित घेऊन कॉनरॅड लंडनला आले, तेव्हा दोघांत कडाक्याचे भांडण झाले. पोलिश कुटुंबात जन्मलेल्या या लेखकाला पिंकर यांनी इंग्रजीत बोलण्यास सांगितल्याची हकीकत आहे. इंग्रजी ही कॉनरॅड यांनी विशीनंतर आत्मसात केलेली आणि लेखनासाठी स्वीकारलेली भाषा होती, हे ध्यानात घेता तो घाव किती खोल गेला असेल, याची कल्पना येते. घरी परतल्यावर कॉनरॅड कोसळले आणि कित्येक आठवडे अंथरुणास खिळून होते. पुढे सुमारे दोन वर्षे पिंकर यांना लिहिलेल्या पत्रांच्या मायन्यात जिव्हाळ्याचा शब्द नव्हता. येथे पिंकर यांना सर्वस्वी दोषी धरणे मात्र न्याय्य नाही. दहा वर्षे त्या घराचा खर्च बव्हंशी त्यांच्याच पैशावर चालला होता.

संबंध तुटले नाहीत. 'चान्स' ही कादंबरी १९१२ मध्ये 'न्यूयॉर्क हेरल्ड'मधून क्रमशः आली, १९१४ च्या आरंभी पुस्तकरूपाने बाजारात आली आणि कॉनरॅड यांना प्रथमच चांगला खप लाभला. मनेही पुन्हा जुळली. १९२० मध्ये दोघांनी मिळून कॉनरॅड यांच्या एका कथेवर चित्रपटाची संहिताही लिहिली.

अखेर

कामानिमित्त अमेरिकेत गेले असता पिंकर यांचे न्यूयॉर्क येथे न्यूमोनियाने निधन झाले. कॉनरॅड यांना हा आघात फार लागला. ते स्वतः १९२४ मध्ये वारले. पिंकर यांचा व्यवसाय मुलांकडे गेला. त्यांपैकी एरिक यास लेखकाच्या पैशांचा अपहार केल्याबद्दल १९३९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली.